तातगारूंची संथा

हैदराबाद,
क्रोधी संवत्सर, आषाढ वद्य द्वितीया

तीर्थरूप अन्नय्या यांस,

धाकट्या कामेश्वराचा, गुडघे परवानगी देतील तेवढा, साष्टांग नमस्कार. वदिनांनाही सांगावा. वेदपाठशाळेतल्या मुलांना आशीर्वाद. ती मला ओळखत नाहीत, तेव्हा त्यांना तो चालून जाईल.

पत्रास कारण की, एका अन्यायाची दाद मागायची आहे. आवकायच्या बरणीचं झाकण उघडत नाही. तुम्ही हसाल, म्हणून शास्त्राप्रमाणे मांडतो. हे झाकण उघडणार नाही, ही प्रतिज्ञा. कारण ते विशालाक्षीने लावलं आहे, हा हेतू. जे जे विशालाक्षी बंद करते ते ते उघडत नाही, जसं आमच्या माळ्याचं दार, हे उदाहरण. हेही तिनेच बंद केलेलं आहे, हा उपनय. म्हणून ते उघडणार नाही आणि धाकट्याने लोणच्यावाचून ताकभातावर दिवस काढावेत, हे निगमन. यात कोणा नैयायिकाला दोष दिसत असेल तर त्याने इथे येऊन बरणी उघडून दाखवावी. मी भाडं देईन.

विशालाक्षी डॅलसला लेकीकडे आहे, हे तुम्हाला कळलं असेलच. आपल्या गोतात बातमी पोचायला फोन लागत नाही. उगादीच्या आधी गेली. संहिताचं बाळंतपण झालं, बारसं झालं, आता बाळाला दात येताहेत म्हणून मुक्काम वाढला आहे. दातांनंतर पावलं येतील, पावलांनंतर बोल येतील. मी मनाची तयारी ठेवली आहे.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. आपलं बोलणं का थांबलं ते दोघांनाही पाठ आहे, त्याची उजळणी नको. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमच्या पाठशाळेत फोन नाही. ज्याने अर्धं आयुष्य लोकांना फोन जोडून देण्यात घालवलं, त्याच्या सख्ख्या भावाला पोस्टाने गाठावं लागतं. दैवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

आता कामाचं. आमच्या कंपनीत नवा फोन द्यायचा, दर लावायचा, बिल काढायचं आणि वेळ आली की तार तोडायची, हे सगळं एकच जुनी सिस्टीम करते. सृष्टी, स्थिती, लय, तिन्ही खाती एकाकडेच. ऑफिसात तिला सगळे 'तातगारू' म्हणतात, कारण ती आजोबांसारखीच आहे. कामाला चोख, नव्या माणसाशी बोलणार नाही, आणि अमुक असं का करता विचारलं तर ढिम्म. ती घडवणाऱ्यांपैकी काही निवृत्त झाले, काही अमेरिकेला गेले, हबीबभाई तर देवाघरीच गेले. उरलो मी. आता वरून हुकूम आला आहे की येत्या कार्तिकात तातगारूंना निरोप द्यायचा आणि सगळी गिऱ्हाइकं नव्या सिस्टीमवर न्यायची. नवी देखणी आहे, चटपटीत आहे, आणि तिला कशाचीही माहिती नाही.

तातगारूंच्या पोटात लिहिलेलं वाचता येतं, पण कळत नाही. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की प्रकार चौदा असेल तर दंड लावू नये. चौदा म्हणजे कोण? तर तंबाखूच्या लिलावाची आवारं. ती हंगामात बोलतात आणि एरवी गप्प असतात. हे फक्त मला ठाऊक. प्रकार एकवीस एका कलेक्टरसाहेबांच्या सासूबाईंसाठी काढला होता. साहेबांची बदली झाली, सासूबाई निवर्तल्या, प्रकार राहिला. हेही मलाच ठाऊक. असे शेकडो. त्यांवर गावोगावचे दवाखाने, पोलीस ठाणी, बँका उभ्या आहेत. मी सांगेन तसं नवी वागणार, आणि मी चुकलो तर कुठेतरी कोणाचा तरी फोन मरणार, इतका सोपा मामला आहे.

नव्या कामावर प्रत्युषा म्हणून गुंटूरची मुलगी मुख्य आहे. मिरचीच्या गावची आहे, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, तुमच्या डोक्यातलं सगळं कार्तिकाच्या आत बाहेर काढायचंय."

म्हटलं, "अम्मा, मग आत काय उरेल?"

"तुम्ही उराल ना, सर. रिकामे. पेन्शनला बरं."

तर मी तिथे संथा सुरू केली आहे. खरीखुरी, आपल्या वडिलांच्या, नान्नगारूंच्या पद्धतीची. मी एक नियम म्हणतो, समोरची मंडळी तो दोनदा म्हणतात, मग टाइप करतात. शिवाय सगळं रेकॉर्डही होतं. प्रत्युषा कुरकुरली, "रेकॉर्ड होतंय तर दोनदा म्हणायचं कशाला?" मी म्हटलं, नान्नगारू एकदा सांगून दोनदा म्हणवून घेत, आणि तरीही कान पिरगाळत. तुमचा दुसरा भाग मी माफ केला आहे. तेव्हापासून म्हणतात बिचारी. शिपाई दारातून डोकावतो आणि हात जोडून जातो. आत काही होम चालू असावा असा त्याचा समज आहे.

नमस्कार. आणि हो, सहज विचारतो. नान्नगारू म्हणताना पहिल्यांदा अडले तेव्हा त्यांचं वय काय होतं हो? म्हणजे अगदी पहिल्यांदा, बाहेर कोणाला कळायच्या आधी. उगाच मनात आलं. रस्त्यावर बोनालूच्या जत्रेचे ढोल वाजताहेत, त्यात डोकं भलतीकडे जातं.

आपला आज्ञाधारक (हे फक्त पत्रात),
कामेश्वर


हैदराबाद,
भाद्रपद शुद्ध एकादशी

प्रिय अन्नय्या,

तुझं कार्ड पोचलं. "पत्र मिळाले. बरणी गरम पाण्यात उलटी धर. आम्ही सर्व ठीक. 'तुम्ही' कोणाला म्हणतोस?" इतक्या वर्षांच्या मौनानंतर एवढी वाचाळता तुला शोभत नाही. पण शेवटच्या वाक्यावरून तू अजून माझ्यावर चिडू शकतोस हे कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. झाकणही उघडलं. शास्त्र हरलं, गरम पाणी जिंकलं.

नान्नगारूंच्या वयाचं तू काही लिहिलं नाहीस. कार्डावर जागा नव्हती असं धरून चालतो.

विशालाक्षी रविवारी सकाळी व्हिडिओवर येते. बाळ मध्ये, ती मागे, संहिता फोन धरून. दहा मिनिटं मी दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला असा सुखी माणूस असतो. परवा विचारलं, "जेवलात?" म्हटलं, "जेवलो." "काय जेवलात?" "आवकाय-भात." "गेल्या रविवारीही हेच म्हणालात." "गेल्या रविवारीही तेच होतं." ती हसली, बाळ रडलं, फोन बंद झाला. मग शर्ट काढून घडी घालून ठेवला. पुढच्या रविवारी तोच चालतो.

इथे एक मजा झाली, ती तुला सांगतो. तुझ्या उपयोगाची आहे, मुलांना दाखला म्हणून देता येईल.

श्रावणात समुद्राकाठच्या आपल्याकडच्या तीन तालुक्यांची गिऱ्हाइकं पहिल्या हप्त्यात नव्या सिस्टीमवर नेली. जुनीने काढलेली बिलं आणि नवीने काढलेली बिलं शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिली. दीड दमडीचा फरक नाही. वरचे साहेब खूष झाले, आत्रेयपुरम्‌हून पूतरेकुलू मिठाईचे डबे मागवले. मलाही एक डबा मिळाला, वर "आमचे चालते बोलते ग्रंथालय" अशी चिठ्ठी. मी तो डबा एकट्याने संपवला, कारण वाटून खायला समोर कोणी नव्हतं आणि ठेवून द्यायला मी विशालाक्षी नाही.

मग विनायक चवितीनंतरच्या सोमवारी प्रत्युषा माझ्या टेबलाशी आली. हातात चहा नव्हता, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"सर, वादळाच्या निवाऱ्यांतले फोन मेलेत."

"कुठल्या?"

"तिन्ही तालुक्यांतल्या. तहसील कचेरीने वादळाच्या आधीची तालीम घेतली. त्यांचा माणूस निवाऱ्यात जाऊन रिसीव्हर उचलतो तर आत काहीच नाही. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच."

"केबल तुटली असेल. तिकडे कोळंबीच्या तळ्यांसाठी सारखं खणतात."

"केबल ठीक आहे. आपणच तोडलेत."

"आपण म्हणजे कोण?"

"नवी सिस्टीम. नियमाप्रमाणे."

आता नियम ऐक. असे दोन नियम आहेत, आणि ते जुळ्या भावांसारखे आहेत. एका फोनवरून वर्षभर कोणी बोललं नाही, त्याचं बिल निघालं नाही, त्याला पत्र पाठवून चौकशी केली, उत्तर आलं नाही. इथपर्यंत दोन्ही नियम शब्दाला शब्द एक. इथून पहिला म्हणतो, तार तोडा, ती दुसऱ्याला द्या. दुसरा म्हणतो, उत्तर येवो न येवो, ही तार तोडायची नाही, दर महिन्याला तिच्यात जीव आहे की नाही ते पाहायचं. पहिला नियम दुकानदाराचा. दुसरा निवाऱ्यांचा. निवाऱ्यातला फोन वर्षानुवर्षं गप्पच असतो, त्याने गप्प असावं हीच सगळ्यांची इच्छा असते, आणि ज्या दिवशी तो लागतो त्या दिवशी गावात दुसरं काही लागत नसतं. तो दुसरा नियम मी स्वतः लिहिला होता, शहाण्णवचं वादळ डोळ्यांपुढे ठेवून. तुला आठवतं ना, नारळाची झाडं मोडून पडलेली, आणि त्या निवाऱ्यात दोनशे माणसांच्या रडारडीत नान्नगारू वेदाचा घनपाठ म्हणत बसले होते, कारण मुलांच्या कानांवर वाऱ्याखेरीज काहीतरी पडायला हवं होतं म्हणे.

प्रत्युषाने रेकॉर्ड लावलं. माझा आवाज खणखणीत. निवाऱ्यांचा नियम म्हणून सुरुवात केली आहे, अर्ध्यापर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सारखा भाग आला आणि मी गुळगुळीतपणे पहिल्या नियमात शिरलो. तार तोडा, दुसऱ्याला द्या. अडखळलोसुद्धा नाही. समोरच्या चौघांनी ते दोनदा म्हटलं.

तुला हे सांगायला नको. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या पोराची हीच चूक. दोन अनुवाकांत एकच ओळ येते, पोरगं एकातून दुसऱ्यात उतरतं आणि त्याला पत्ताच नसतो. नान्नगारू म्हणायचे, "होडी भलत्याच गावाला लागली रे, आणि हा पैसे देऊन उतरला!" सगळा वर्ग हसायचा. मी असा कधी उतरलो नव्हतो. तू उतरायचास.

बिलं ताडताना हे कोणाला दिसलं नाही, कारण ज्या फोनांना बिलच नाही ते ताडणार कशाशी?

फोन त्याच दिवशी जोडून दिले. कोणाचं काही बिघडलं नाही, आभाळ निरभ्र होतं. वर बैठक झाली आणि साहेबांनी निकाल दिला की जुन्या सिस्टीममधला दोष नवीत उतरला. म्हणजे दोष तातगारूंवर. टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्युषाने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

थकवा असणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो, घसा तापतो, लक्ष उडतं. बावन्नाव्या वर्षी माणसाला एवढी सूट असावी. मुलांना ही गोष्ट जरूर सांग, नाव बदलून.

तुझा,
कामेश्वर


हैदराबाद,
भाद्रपद वद्य नवमी

अन्नय्या,

या वेळचं कार्ड तीनच शब्दांचं. "समोर कोण होतं?"

मी ते टेबलावर ठेवलं, मग उशीखाली ठेवलं, मग पुन्हा टेबलावर. तीन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. मी एवढं लांबलचक गमतीदार पत्र लिहिलं, आणि तू नेमका जिथे मी पाय ठेवला नव्हता तिथेच बोट ठेवलंस. लहानपणी असाच करायचास. मी सगळं शुद्ध म्हणून छाती काढून बसायचो आणि तू समोरून म्हणायचास, "तिसऱ्या ओळीला श्वास चुकला."

समोर कोणी नव्हतं. चौघं होती, पण ती मी म्हणेन ते म्हणतात. मी उद्या सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर तेही दोनदा म्हणून टाइप करतील. आपल्याकडे एकट्याने कोणी म्हणत नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने पकडायचं, मग उलट. मी त्या पोरांना अर्धीच संथा दिली. पकडायला कोणाला बसवलंच नाही, कारण पकडण्यासारखं काही असेल हे माझ्या मनातच आलं नाही.

आता ऐक, मी मागच्या पत्रात काय काय गाळलं आणि त्यानंतर काय झालं ते.

तोडलेल्या फोनांत आपल्या गावच्या निवाऱ्याचाही होता. आभाळ आलं की तू मुलांना घेऊन जिथे जातोस तोच. चार आठवडे तो मेलेला होता. गिरणीमागच्या वाटेने तू त्याच्यावरून रोज नदीला जात असशील.

दुसरं. नान्नगारूंच्या तिथीला तू श्राद्ध केलं असशील. इथे मी सकाळी अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसलो आणि त्यांनी मला सगळ्यांत आधी शिकवलेला भाग म्हणायला घेतला. बाराव्या वर्षापासून येतो तो. अर्ध्यावर गेलो आणि पुढे काही नाही. चूक नाही, दुसरी ओळ नाही, भलतं गाव नाही, काहीच नाही. नदी आहे आणि पलीकडचा काठ नाही, असं. मागे जाऊन पुन्हा आलो. पुन्हा तिथेच. शेवटी उठून कुकर लावला. संध्याकाळी बस थांब्यावर ती ओळ आपोआप तोंडात आली, तेव्हा मी शेजारच्या बाईंना मोठ्याने ऐकवली. त्या दोन पावलं लांब सरकल्या.

तिसरं. कँटीनमध्ये यादगिरी आहे, नलगोंड्याचा, जुना माणूस. मला पंतुलुगारू, म्हणजे पंतोजी, म्हणतो, उपम्यात काजू लपवून देतो. शुक्रवारी त्याला मी कलेक्टरच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. तो नेहमीसारखा पोट धरून हसला. मागून कोणीतरी नवा म्हणाला, "रोज त्याच गोष्टीला काय हसतोस रे?" यादगिरीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मी पाहिलं ते. मी ताट घेऊन परत त्याच्याकडे गेलो.

"यादगिरी, ही गोष्ट मी तुला आधी सांगितली आहे?"

"असंल, पंतुलुगारू. ग्वाड हाय गोष्ट."

"किती वेळा?"

"आता ते कोण मोजतंय? उपमा गार व्हतोय, खाऊन घ्या."

"यादगिरी, खरं सांग."

त्याने ओटा पुसला. जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही पुसला. मग म्हणाला, "रोजच सांगता. म्या रोज हसतो. त्यात माझं काय जातंय?"

त्याच दुपारी मी प्रत्युषाला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. म्हटलं, "दोष तातगारूंचा नव्हता. माझा होता, हे तुलाही ठाऊक आहे. साहेबांना मी उद्या सांगतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी आजवर सांगितलेला एकही नियम पुराव्याला धरू नकोस."

"सर, मग कोणाचा धरू? हबीबसरांना कुठून आणू?"

"माहीत नाही."

"एक चूक झाली म्हणून सगळं टाकून द्यायचं?"

"एक तुला सापडली, अम्मा. मला किती सापडल्या नाहीत ते मी कसं सांगू?"

तिने पेनला टोपण लावलं. मग गुंटूरचा सगळा तिखटपणा बाजूला ठेवून विचारलं, "सर, घरी कोण असतं?"

"मी असतो."

"ते कळलं. तुमच्याबरोबर?"

मी म्हटलं, विशालाक्षी दातांनंतर येईल. तिला अर्थातच ते कळलं नाही. मला एका डॉक्टरांचं नाव देऊन म्हणाली, मीच येते बरोबर, पुढच्या शनिवारी. गंमत पाहा, हेच मी सहा वर्षांपूर्वी नान्नगारूंसाठी तुझ्याकडे मागत होतो. हैदराबादला आणू, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. आणि तू उंबऱ्यात आडवा उभा राहून म्हणालास, "ते घनपाठी आहेत. कोणी अनोळखी माणूस त्यांना आजचा वार विचारणार नाही." मी तुला काय काय बोललो ते तुला पाठ आहे. त्या दुपारी प्रत्युषाने डॉक्टरांचं नाव दिलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, "मला वार विचारतील का?" तेव्हा तू त्यांच्यापुढे का उभा होतास ते समजलं. मी जाणार आहे, पण समजलं.

आता माझं मागणं. तातगारू कार्तिकापर्यंत चालू आहेत. तोपर्यंत माझा प्रत्येक शब्द त्यांच्या वागण्याशी ताडून पाहता येतो. त्यांना एकदा बंद केलं की ताडायला काही उरणार नाही, मग मी सांगितलं तेच खरं. कार्तिकात वादळांचा मोसमही असतो. प्रत्युषाने वरच्यांशी भांडून सगळे नियम पहिल्यापासून पुन्हा सांगायला वेळ मागून घेतला आहे. या वेळी समोर पकडणारं कोणीतरी हवं.

तू ये. तुला फोनमधलं ओ की ठो कळत नाही, ते फार बरं आहे, तू अर्थाच्या नादाला लागणार नाहीस. तू एकदा ऐकलेलं विसरत नाहीस. मी एका दिवशी नियम म्हणेन, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा म्हणेन. तसाच येतो की बदलतो, एवढंच तू सांगायचंस. बदलला की थांबवायचं आणि माझी भीड धरायची नाही. जिथे मी बदलेन तिथे प्रत्युषा तातगारूंच्या पोटात शिरून खरं काय ते काढेल. ती तुझी राहण्याची सोय करते म्हणते, पण तू घरी राहा. वदिनांना घेऊन ये. विजयादशमीला पाठशाळेला सुटी असते, हे मला अजून आठवतं.

तिने विचारलं, तुमचे भाऊ येतील का? मी म्हटलं, तो कधीच कुठे जात नाही. मग म्हटलं, पण माझी चूक पकडायला मिळणार असेल तर येईल.

मघाशी वयाचं विचारलं होतं, म्हणजे आषाढात. तू दोन्ही वेळा उत्तर टाळलंस. आता टाळू नकोस, पण लिहूही नकोस. समोर बसून सांग. पहिल्यांदा कधी, कसं, आणि त्यांना स्वतःला कळलं होतं का. तू त्यांच्या समोर बसत होतास, तूच पहिल्यांदा ऐकलं असणार.

मी यापुढे लिहितो त्यात गंमत शोधू नकोस. नान्नगारूंचं जे झालं तेच माझं सुरू झालं आहे, असं मला वाटतं. मी काय विसरलो ते मला आपलं आपण कळत नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते मला सांगेल असं इथे कोणी नाही. मला याची भीती वाटते, अन्नय्या.

तुझा धाकटा भाऊ,
कामेश्वर